शेऱ्याचा रकाना

अरापायमा श्वास घ्यायला वर येतो,
मासा असून.
पाण्याचं दार आतून कुणी लोटावं
तसा आवाज होतो, आणि दार लगेच मिटतं.
तेवढ्यात मोजायचं.

रुपुनुनीतल्या आमच्या डोहावर
एका होडीत वीस मिनिटं बसायचं,
घटकेला थोडी कमीच.
हलायचं नाही. खोकला आला तर गिळायचा.
मोठा मासा आला की सिप्रियन काका
डाव्या खिशात एक बी टाकतात,
लहान आला की उजव्या.
ताडाच्या वाळलेल्या बिया,
बायकोनं निवडून दिलेल्या.
मी मागे वही घेऊन.

एकच मासा दोनदा वर आला तर?
पहिल्या वर्षी जॉर्जटाउनच्या पाहुण्यानं विचारलं होतं.
काका म्हणाले, तुमची दोन पोरं
एकामागून एक दारातून आली
तर तुम्ही एकच मोजता का?
पाहुणा हसला.
मग त्यानं डोहात जाळं लावून एकेक मासा मोजला.
फरक निघाला दोनाचा.
नंतर तो हसला नाही.

सात वर्षं माझ्या अक्षरात आहेत.
एकोणीस, चोवीस, एकतीस.
पुढचं पान कुत्र्यानं खाल्लं,
त्या वर्षासमोर लिहिलंय: अंदाज.
मग पन्नास, अठ्ठावन्न, चौसष्ट.
यंदा एकसष्ट.

शहरातून रेडिओवर, खरखरीतून, निरोप आला:
पहिलं वर्ष आणि चौसष्टचं वर्ष
एवढीच दाखवली तर रेघ छान चढते,
पैसे देणारे लांबचे आहेत, घाईत असतात.
मी म्हटलं, ऐकू येत नाहीये.
ऐकू येत होतं.

अहवाल जाण्याआधी गावात वाचायचा, असा नियम.
बेनाबच्या झावळ्यांखाली करीचं भांडं फिरत होतं,
मी इंग्रजीतून माकुशीत आणत होते,
एका लांबलचक शब्दापाशी अडले.
काढून टाक तो, डेल्फीन मावशी म्हणाली.
काढला. काही बिघडलं नाही.
आणि डोहाचं नाव नको घालूस,
नाव वाचून येणारे सगळेच
मोजायला येत नाहीत.
तेही काढलं.

मग एकसष्ट.
तीन कुठं गेले?
पूर, कुणी म्हणालं. काळी सुसर.
सरहद्दीपलीकडची जाळी.
ज्याच्या त्याच्यापाशी कारण तयार.

काका उठले.
एक मी मारला. फेब्रुवारीत, रात्री.
युलीनला मलेरिया झाला होता,
विमानाचं भाडं कुठून आणणार?
लिही.

त्यांची बायको जमिनीकडे बघत होती.
ज्यांनी नियम केला, ते सगळे तिथंच बसले होते,
त्यांच्यातले एक काका.

मी तक्ता पाहिला.
तारीख, वेळ, मोठे, लहान, वारा, मोजणारा.
मारणाऱ्याला रकाना नव्हता.
कडेला एक अरुंद पट्टी: शेरा.
सात वर्षं तिथं मी "ढगाळ" लिहीत आलेय.

बारीक अक्षरात लिहिलं, समासात सांडलं:
एक, मोजणाऱ्याच्याच हातून. नात बरी आहे.
उरलेल्या दोघांचं माहीत नाही.

वाच, काका म्हणाले.
वाचलं.
"मोजणाऱ्याच्या" खोड. माझं नाव घाल.

डोहाचं नाव नसलेला, त्यांचं असलेला
तो कागद सोमवारी होडीनं गेला,
दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, फरीनाच्या पोत्यावर.
शहरात कुणी तो शेवटपर्यंत वाचेल का,
कोण जाणे. रेडिओ तेव्हापासून गप्प आहे.

आज वरचा डोह.
काका पुढे, मी मागे.
वल्ह्यावरून थेंब पडत राहिले तेवढेच.
वीस मिनिटं दोन्ही खिसे रिकामे.
शून्य लिहिलं.
कोरं सोडलं नाही.